पाचवीच्या पुस्तकातली विधवा

दोलगोगे, २८ मे १९५६

दादा,

तुझं पुस्तक गावात पोचलं. तू पाठवलं नाहीस, सरकारनं पाठवलं. काल दुपारी चे-रान शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच उंबऱ्यावर बसून वाचायला लागली. ‘नीती आणि नागरिक, इयत्ता पाचवी’. वरती तुझं नाव नाही, आत समितीच्या नावांत आहे. पण धडा नववा तुझाच, हे मला तिसऱ्या ओळीला कळलं. दुसरं कोण एका परिच्छेदात चारदा ‘म्हणूनच’ लिहितं?

सासूबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. पोरगी घसा ताणून वाचत होती. एका डोंगराळ गावात एक तरुण विधवा राहत होती. युद्धात कम्युनिस्टांनी तिच्या शिक्षक पतीला ठार मारले. ज्या शेजाऱ्याने त्याचे घर दाखवून दिले होते, तो पुढे पकडला गेला व गावच्या झाडाला बांधला गेला. जमाव म्हणाला, याला मारा. तेव्हा ती विधवा पाण्याचे भांडे घेऊन पुढे आली. तिने त्याला स्वतःच्या हाताने पाणी पाजले आणि ती म्हणाली, “याला सोडा. द्वेष ही दुसरी गोळी आहे, आणि ती आपल्याच छातीत शिरते.”

सासूबाईंनी विचारलं, “कुठल्या गावची गं ही बाई?”

“आजी, ही आपली आईच आहे. वर्गात सगळे म्हणाले. गुरुजीपण म्हणाले.”

सासूबाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. “हिचा नवरा गेला त्याच साली ही असली वाक्यं बोलली आणि मला ऐकू आली नाहीत? तेव्हा मी बहिरी नव्हते बाई. आत्ता होतेय.”

पाणी दिलं होतं. ते खरं आहे, आणि तुला मीच सांगितलं होतं. एक्कावन्नच्या हिवाळ्यात तू बुसानहून दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन दोन दिवसांसाठी आला होतास तेव्हा. तुझे पाय खालून चुलीनं तापवलेल्या जमिनीवर पसरलेले होते आणि तू डोळे मिटून ऐकत होतास. मला वाटलं, माझ्यासाठी ऐकतोयस. पाण्याच्या पुढचं जे काही आहे ते तू कुठून आणलंस? त्या वाक्यासाठी माझ्या तोंडात तेव्हा जीभ तरी होती का?

धड्याखाली प्रश्न आहेत. ‘विधवेने शेजाऱ्यास क्षमा का केली? लोकशाहीत क्षमेचे स्थान सांगा.’ परवा गृहपाठ तपासणार आहेत. चे-रान वही घेऊन माझ्यासमोर बसली आहे आणि विचारते आहे, “आई, का केलीस?”

लवकर कळव. पोरीच्या मार्कांचा प्रश्न आहे.

युन-इम

&nbsp;

१७ जून

दादा,

पाच वर्षांत पहिल्यांदा तुझं पत्र सणाची वाट न पाहता आलं. त्याबद्दल आभार मानू की धड्याचे मानू?

तू लिहितोस, उदाहरण म्हणजे व्यक्ती नव्हे. व्यक्तीतला केरकचरा काढून टाकल्यावर जे उरतं ते उदाहरण. आणि या देशाला आज अशा विधवेची गरज आहे. बरं. त्या केरकचऱ्यात मी किती गेले आणि उरले किती, ते एकदा सांगशील. चे-रानच्या वहीत मी लिहून दिलं, ‘उत्तर माहीत नाही’. गुरुजींनी त्यावर लाल शाईनं फुली मारली आणि खाली लिहिलं, ‘आईला विचार’.

आता दुसरी बातमी. ऑगस्टात पंचक्रोशीच्या प्रमुखाची निवडणूक आहे, हे तुला माझ्याआधी माहीत असणार. आजवर वरून नेमून यायचा, आता आपण निवडायचा. उभे दोघंच. एक गू सांग-मो, दारूच्या भट्टीचा मालक, सत्तेतल्या पक्षाचा. मदतीचा म्हणून येणारा गहू निम्मा त्याच्या भट्टीत जातो, हे नाकाला सुद्धा कळतं. दुसरा अपक्ष. त्याचं नाव वाचून तू खूश होशील. बांग गिल-मान. तुझ्या धड्यातला शेजारी.

तू त्याला पाहिलेलं नाहीस. माझा जोंग-हाक संध्याकाळी मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायचा, त्या वर्गात हा सगळ्यांत मागे बसायचा. झाडावरून सुटला तो मामामुळं, मामा पोलिसात लिपिक होता. मग सैन्यात गेला. येताना छातीवर पदक आणि उजवी बाही रिकामी घेऊन आला. युद्धात रणगाड्यांनी फोडलेला नदीचा बांध त्यानंच माणसं गोळा करून पुन्हा बांधला. डाव्या हातानं दगड उचलताना मी त्याला पाहिलंय. गेल्या वर्षी खालच्या शेतांना पाणी मिळालं ते त्याच्यामुळं. आमच्याही.

सहा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. परवा तो आला. अंगणाच्या बाहेरच उभा राहून म्हणाला, “वहिनी, आहात का?”

मी काही बोलायच्या आत सासूबाई बाहेर. “कोण आहे? ज्याचा हात गेला तो का?”

“हो, आजी.”

“ज्या हातानं दाखवलंस तोच गेला ना? देवाला निदान नेम तरी धरता येतो.”

तो माझ्याकडं वळला. मग म्हणाला, “वहिनी, ते धड्याचं पान आमच्या पोरांनी गिरणीच्या भिंतीवर चिकटवलंय. मी नाही सांगितलं. मी काढायला लावलं, त्यांनी परत चिकटवलं. म्हणतात, यानंच आपण जिंकणार.”

“मग जिंक की.”

“तुम्ही भाषणाच्या दिवशी माझ्याशेजारी उभ्या राहाल का? बोलू नका काही. नुसतं उभं राहायचं.”

दादा, बघ तुझ्या पुस्तकाची ताकद. सहा वर्षं हा माणूस मला पाहून वाट बदलायचा. आता माझ्या अंगणाशी येऊन माझी सावली मागतो, कारण सरकारनं छापलंय की मी देणार.

मी म्हटलं, “उभी राहीन. पण बोलायचं तू. पन्नास साली काय केलंस ते, सगळ्यांसमोर, तुझ्या तोंडानं.”

“ते सगळ्यांना माहीतच आहे, वहिनी.”

“माहीत आहे ना? मग बोलायला काय जातं?”

त्यानं रिकाम्या बाहीचं टोक चाचपलं. मग म्हणाला, “विचार करून सांगतो.” आणि गेला. त्यानं उंबरा ओलांडला नाही, आणि मी ये म्हटलं नाही.

युन-इम

&nbsp;

९ जुलै

दादा,

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “अक्षर सुरेख आहे हो तुझ्या भावाचं.”

तुझं म्हणणं असं की गिल-मानला बोलायला लावू नकोस. नवी लोकशाही म्हणजे तान्हं बाळ, त्याला सगळं सत्य एकदम भरवलं तर ते गुदमरतं. लोकांनी एक चांगली गोष्ट मानली आहे, आणि ती मानल्यामुळं एका वाईट माणसाऐवजी एक बरा माणूस निवडून येतोय. मग ती गोष्ट अक्षरशः घडली की नाही याला काय महत्त्व? तू हेही लिहिलंस की मी हट्ट धरते आहे तो न्यायासाठी नाही, रागासाठी.

राग आहेच. तो केरकचऱ्यात टाकू नकोस.

तुझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला मी तुला पाण्याचं राहिलेलं सांगते. एक्कावन्नमध्ये सांगितलं होतं, तुला झोप लागली असेल. ऑक्टोबर होता. आपलं सैन्य परत आलं, त्यांच्याबरोबर पोलीसही. गिल-मानला झाडाला बांधलं आणि इतका मारला की ओठ सुजून एकमेकांना चिकटले होते. मी भोपळ्याच्या कवचातून पाणी नेलं. लोक बाजूला झाले. त्यांनाही तुझ्यासारखंच वाटलं असेल. मी त्याचे ओठ बोटांनी वेगळे केले आणि पाणी ओतलं, कारण त्याला बोलता यायला हवं होतं. मी एकच शब्द विचारला, “कुठं?” त्यानं सांगितलं, कोळशाच्या जुन्या भट्टीमागं. मी भांडं तिथंच टाकलं आणि धावत सुटले. माझ्या पाठीमागं त्याला मारला असता तरी मी वळून पाहिलं नसतं.

भट्टीमागं जोंग-हाक सापडला. मोज्यावरून ओळखला. टाच मीच शिवली होती, काळा दोरा नव्हता म्हणून निळ्या दोऱ्यानं.

तुझी क्षमा ती ही.

इकडचं बाकी सांगायचं तर गू सांग-मोची माणसं घरोघर रबराचे बूट वाटतायत. सासूबाईंनी घेतले. मी म्हटलं, “अहो, कशाला घेतलेत?” तर म्हणाल्या, “पाय माझे, मत पण माझंच. त्याला काय कळणार बूट कुणीकडं गेले?” लोकशाहीवरचा तुझा लेख मी वाचलाय. इतकं स्वच्छ त्यात काही नाही.

गिल-मानचा निरोप आला. बोलतो म्हणाला.

युन-इम

&nbsp;

३ ऑगस्ट

दादा,

काल भाषणं झाली. तू वर्तमानपत्रात वाचणार नाहीस, आमच्याकडं वर्तमानपत्राचा माणूस येत नाही. म्हणून लिहिते.

शाळेच्या पटांगणात बाकं जोडून व्यासपीठ केलं होतं. आधी गू सांग-मो बोलला. कम्युनिस्ट, राष्ट्र, रस्ता, आणि भाषणं संपल्यावर भट्टीच्या अंगणात सगळ्यांना यायचं आमंत्रण. मग गिल-मान चढला. मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले, पांढऱ्या कपड्यात. मला पाहिल्यावर बायकांत कुजबुज झाली आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दादा, त्या टाळ्या तुझ्या विधवेसाठी होत्या. मला त्या थोबाडीत मारल्यासारख्या लागल्या.

त्यानं कागद आणला नव्हता. म्हणाला, “मी बांग गिल-मान. बांधाचं तुम्हाला माहीत आहे, ते सांगत नाही. पन्नासच्या उन्हाळ्यात उत्तरेचे सैनिक आले तेव्हा सॉ जोंग-हाक मास्तरांच्या दाराकडं मी बोट केलं. त्यांनी मला माझं नाव लिहायला शिकवलं होतं. मी त्यांचं नाव सांगितलं. त्यांच्याशिवाय बुरुडाचं दार दाखवलं. तंबाखू खात्यातल्या हान कारकुनाचं दाखवलं. ते तिघं परत आले नाहीत. पुस्तकात लिहिलंय की मला माफ केलं. मला कुणी माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीच नव्हती. आज मागतोय.” आणि व्यासपीठावर गुडघे टेकून, एका हाताच्या आधारानं, त्यानं कपाळ फळीला लावलं.

बुरुडाची बायको तोंड झाकून रडत होती, पण उठून गेली नाही. मला वाटलं, झालं. एवढंच हवं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पूर्ण श्वास घेता आला. हे लिहिताना लाज वाटत नाही.

मग मागच्या बाजूनं एका म्हाताऱ्याचा आवाज आला. गिरणीवाल्या ओमचा. “तीन दारं तू दाखवलीस. त्या उन्हाळ्यात त्याहून किती जास्त दारं उघडी पडली, गिल-मान. बाकीची कुणी दाखवली?”

गिल-मान उठून उभा राहिला. त्यानं पहिल्या रांगांकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. “मी माझ्या बोटाचं सांगितलं, काका. ज्याचं त्यानं सांगावं.”

एवढंच. नाव घेतलं नाही कुणाचं. पण घेता येतं हे सगळ्यांना त्या क्षणी कळलं. मी वरून पाहत होते ना, मला चेहरे दिसत होते. आधी पहिली रांग खाली बघायला लागली, मग दुसरी. बहुतेकांच्या पायांत नवे रबरी बूट होते. मग एक जण उठला, मग चार, आणि मग सगळे भट्टीच्या अंगणाकडं निघाले.

जोवर तो फक्त गुन्हेगार होता तोवर हे लोक त्याला मत द्यायला तयार होते, दादा. तो साक्षीदार आहे हे कळलं आणि त्यांचे चेहरे बंद झाले.

उतरताना मी त्याला विचारलं, “बंदुकीचं का नाही बोललास?”

तो म्हणाला, “तुम्ही पाहिलं होतंत?”

मी घराची वाट धरली.

युन-इम

&nbsp;

२० ऑगस्ट

दादा,

‘मी सांगितलं होतं’ असं तू लिहिलं नाहीस. तू लिहिलंस, ‘परिणामांचा विचार न करता पाळलेलं सत्य हा एक प्रकारचा चैनीचा पदार्थ आहे’. तेच झालं. फक्त जास्त महाग कागदावर.

गू सांग-मो जिंकला. फरक एवढा मोठा होता की फसवाफसवी करायचे कष्टही त्याला पडले नाहीत. मत कसं दिलं ते ऐक. पडद्यामागं टेबलावर शाई, आणि शिक्का म्हणून बंदुकीच्या गोळीची रिकामी पुंगळी. तिचं गोल तोंड शाईत बुडवायचं आणि नावाखाली उमटवायचं. वाचता न येणाऱ्यांसाठी गूच्या नावावर एक उभी रेघ, गिल-मानच्या नावावर दोन. मी ती पुंगळी हातात धरून उभी राहिले. बाहेरून माणूस ओरडला, “बाई, आत झोपलात का?” मी कुठं शिक्का मारला ते तू विचारलं आहेस. मत गुप्त असतं. तुझ्याच पुस्तकात धडा चौथा.

पहिल्याच आठवड्यात बांधावरची माणसं काढून भट्टीच्या रस्त्यावर लावली. आणि सोमवारी जीप आली. गिल-मानला घेऊन गेली. भाषणाच्या दिवशी झाडाखाली एक कारकून बसून सगळं लिहून घेत होता. मला वाटलं होतं, नोंद ठेवतायत, चांगलं आहे. ते भाषण आता त्याचा कबुलीजबाब झालं आहे. शत्रूला मदत केल्याचा.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. पाठीवर तान्हं बांधलेलं. ती अंगणात आली, अगदी ओसरीपर्यंत आली.

“तुम्हीच बोलायला लावलंत त्यांना.”

मी म्हटलं, “हो.”

“मी पाया पडून सांगितलं होतं, गप्प बसा. म्हणाले, वहिनींना शब्द दिलाय. तुमचा माणूस परत येत नाही म्हणून माझाही नेलात ना? झालं समाधान?”

सासूबाई आतून बाहेर आल्या. मला वाटलं, आता तिला काही तरी लागेलसं बोलणार. त्यांनी पाठीवरच्या पोराच्या तोंडावर नुसतं कापड ओढलं, म्हणाल्या, “याला ऊन लागतंय गं,” आणि परत आत गेल्या.

ती तशीच निघून गेली. ज्यानं नीतीवर पुस्तकं लिहिली त्याच्याकडं तिच्या प्रश्नाचं काही उत्तर असेल तर पाठव. पण ‘चैनीचा पदार्थ’ वगैरे नको. तिला कळेल असं.

युन-इम

&nbsp;

२७ सप्टेंबर

दादा,

चुसॉकच्या सणाला तू येणार नाहीस हे माहीत होतं. तुझ्या वाटणीचं तांदळाचं गोड चे-राननं खाल्लं.

तालुक्याच्या पोलीस कचेरीत मला बोलावलं नव्हतं. मी गेले. सासूबाईंनी सकाळी माझे केस स्वतः बांधून दिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुठं चाललीस म्हणून विचारलं नाही.

अधिकारी तरुण होता. त्याच्या टेबलावर काय होतं सांगू? ‘नीती आणि नागरिक, इयत्ता पाचवी’. उठून उभा राहिला माझ्यासाठी. “बाई, धडा वाचला मी. डोळ्यांत पाणी आलं. आता एवढं सांगा, बांग गिल-मान त्यांना मनापासून सामील होता, बरोबर? तुम्ही त्याला क्षमा केलीत हा तुमचा मोठेपणा. पण सामील तर होता.”

मी म्हटलं, “मी क्षमा केलेली नाही. हे आधी लिहून घ्या.”

तो गोंधळला. “मग तर बरंच आहे. सांगा.”

मग मी सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. आमच्या कागदी दाराला भोक पडलेलं होतं, त्यातून मी पाहिलं. एक सैनिक होता, ओठावर लव नसलेला. त्यानं बंदुकीचं तोंड गिल-मानच्या मानेला लावलं होतं. गिल-माननं हात उचलला, खाली घेतला. सैनिकानं बंदूक आणखी दाबली. गिल-माननं परत उचलला. त्याची विजार पुढून ओली झाली होती.

अधिकारी लिहायचं थांबला. “हे त्यानं स्वतः का नाही सांगितलं?”

“तुम्ही त्याला विचारा.”

“बाई, तुम्ही क्षमा केली नाही म्हणता, आणि त्याच्या बाजूनं साक्ष देता. मी काय समजायचं?”

“बंदूक होती. मी पाहिली. लिहून घ्या.”

“सहा वर्षं का बोलला नाहीत?”

याचं उत्तर त्याला दिलं ते तुलाही देते. बंदूक होती म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, मग त्याचा काय दोष? आणि मला दोष हवा होता. तो माझ्याकडचा एकच ऐवज होता, मी तो कुणाला वाटून देणार नव्हते. तू तुझ्या धड्यासाठी अर्धी गोष्ट ठेवलीस, मी माझ्या रागासाठी अर्धी ठेवली. पण मी ती पोरांना पाठ करायला लावली नाही.

“जाताना मास्तर काही बोलले का?” त्यानं शेवटी विचारलं. मी म्हटलं, “नाही.”

त्याबाबतीत मी खोटं बोलले.

युन-इम

&nbsp;

३० ऑक्टोबर

दादा,

गिल-मान सुटला. माझ्या साक्षीमुळं म्हण, पदकामुळं म्हण, किंवा खुर्ची पक्की झाल्यावर गू सांग-मोला त्याला आत ठेवायची गरज उरली नाही म्हणून म्हण. पुन्हा निवडणुकीला उभा राहणार नाही आणि सभेत बोलणार नाही, असं लिहून घेतलं. डाव्या हातानं सही केली. जोंग-हाकनं शिकवलेली सही उजव्या हाताबरोबर गेली.

गावात त्याच्याशी कुणी बोलत नाही. पण गेल्या आठवड्यात बुरुडाची बायको त्याच्या दारात गेली आणि तिनं माझाच शब्द विचारला, “कुठं?” दुसऱ्या दिवशी तो तिला आणि हान कारकुनाच्या आईला घेऊन डोंगरावर गेला. गिरणीवाला ओमही मागोमाग गेला होता. पण त्याचा मुलगा त्या उन्हाळ्यात आधीच गेला होता, उत्तरेचे लोक यायच्या आधी, आणि नेणारे दुसरे होते, आपल्याच गणवेशातले. ते गिल-मानला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना अजून कुणी विचारू शकत नाही. पत्रात याहून जास्त लिहीत नाही, तूही उत्तरात लिहू नकोस.

आता तुझं काम. तुझं पत्र आणि सोबतचा कागद मिळाला. धड्यातला शेजारी खराच कम्युनिस्टांना सामील निघाला अशी तक्रार वर गेली, खात्यात चौकशी लागली, आणि तुझी नेमणूक धोक्यात आहे. म्हणून मी लिहून द्यायचं की धडा नववा यातील विधवा काल्पनिक असून तिचा माझ्याशी काहीही संबंध नाही.

सही केली आहे. सोबत जोडते. तू मला पाठवलेल्या इतक्या कागदांत पूर्ण खरं असलेलं हे पहिलं वाक्य.

चे-रानच्या पुस्तकातून ते पान फाडायला गुरुजींनी सांगितलं. तिनं फाडलं आणि विचारलं, “आई, मग माझ्या फुलीचं काय?” तुझ्या समितीला विचार. पुसून मिळत असेल तर बरं.

परवा जोंग-हाकचं वर्षश्राद्ध झालं, तो सापडला त्या तिथीला. संध्याकाळी पूजेची ताटं मांडत होते तेव्हा गिल-मान बाहेर उभा दिसला. सासूबाई म्हणाल्या, “तिथं काय उभा आहेस खांबासारखा? यायचं तर ये, नाहीतर जा. थंडी आत येतेय.” तो आत आला. मी त्याला बसायला सांगितलं नाही. ताटं मांडून झाल्यावर मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि जोंग-हाक बूट घालताना, त्या कागदी दाराशी, त्याच्याविषयी जे बोलला होता ते त्याला सांगितलं. एकच वाक्य आहे, छोटंसं. सासूबाईंनीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. गिल-मान होता तिथं खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. सासूबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी रडले नाही आणि माफही केलं नाही. ते जोंग-हाकचं वाक्य होतं, माझं नव्हे. माझ्याकडं ते फक्त पोचवायचं होतं, आणि मी सहा वर्षं ते दाबून ठेवलं होतं.

तू म्हणशील, कोणतं वाक्य?

ते तुला सांगणार नाही, दादा. तुझी पुढची आवृत्ती निघणारच आहे.

युन-इम